नवरा घरी बीअर बनवायला लागलाय: जोडीदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा नवरा 2014 पासून घरी बीअर बनवतो. आम्ही अमेरिकेत मिनेसोटात राहतो, इथे सहा महिने थंडी, त्यामुळे बेसमेंटमध्ये काहीतरी छंद असणारे लोक पुष्कळ. पण आपल्या मराठी लोकांत हा छंद अजून नवा आहे आणि मंडळाचा गणपती असो, हळदीकुंकू असो की कुणाकडे पॉटलक, एखादी तरी मैत्रीण मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतेच की अगं तू हे कसं चालवून घेतेस, आमच्याकडे पण किट आलंय. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. मी स्वतः फार पीत नाही, पण या छंदाच्या बाजूने आहे, काही अटींवर. त्या अटी खाली येतीलच.

तुझी पहिली रिअ‍ॅक्शन काय होती? खरं सांग.

खरं सांगते, मी रडले होते. त्याच्या वाढदिवसाला ऑफिसातल्या मित्रांनी किट दिलं, आम्ही तेव्हा अपार्टमेंटमध्ये राहायचो, मला तिसरा महिना होता आणि कुठलाही वास सहन होत नव्हता, फोडणीचा पण नाही. आणि एका शनिवारी मी झोपून उठले तर घरभर हॉर्लिक्सचा वास. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, उकळलं की अगदी तसाच वास येतो, एरवी छान असतो, पण त्या दिवशी मला उलट्यांवर उलट्या झाल्या. तेवढ्यात ते पातेलं उतू गेलं. दूध उतू जातं तसंच जातं ते, फक्त त्यात साखर असते त्यामुळे शेगडीवर पाक जळून घट्ट बसतो, दोन दिवस खरवडत होतो आम्ही. नंतर बरेच दिवस मला वाटायचं की मला बीअरचा राग आला होता. तसं नव्हतं. मला वास सहन होत नाही हे त्याला माहीत होतं आणि तरी त्याने विचारलं नाही, राग त्याचा होता. आजवर ज्या ज्या मैत्रिणींशी बोललेय त्यांचंही खोदून विचारलं की हेच निघतं, न विचारता घेतलेलं किचन, न विचारता घेतलेला रविवार, न सांगता झालेला खर्च. बीअर शेवटी येते, कधी कधी येतच नाही.

त्याने मग काय केलं तर माझी डिलिव्हरी होईपर्यंत काहीच बनवलं नाही, आणि नंतर घर घेतल्यावर उकळण्याचा सगळा संसार गॅरेजमध्ये हलवला. माझी पहिली अट तिथून आली: उकळणं घरात नाही. पण एक नीट लक्षात ठेवा, प्रोपेनचा बर्नर बंद गॅरेजमध्ये कधीही लावायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणूस मरतो आणि त्याला वास नसतो. शटर पूर्ण उघडं, किंवा सरळ बाहेर ड्राइव्हवेवर. थंडी वाजते ती वाजू दे.

हे कायदेशीर आहे का? व्हिसाला काही होणार नाही ना?

अमेरिकेत घरी बीअर बनवणं कायदेशीर आहे. दारूबंदी 1933 मध्ये उठली तेव्हा घरच्या वाइनला सूट मिळाली, बीअर मात्र राहून गेली, ती सूट प्रेसिडेंट कार्टर यांनी 14 ऑक्टोबर 1978 ला सही केलेल्या कायद्याने आली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200 गॅलन, आणि विकायची नाही, एक बाटली पण नाही. राज्यांचे आपापले नियम असतात, अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची दोन राज्यं 2013 मध्ये तयार झाली. गाळून कडक दारू करणं मात्र या सुटीत अजिबात येत नाही, नवरा तसं काही बोलायला लागला तर तिथेच थांबवा.

व्हिसाचं म्हणाल तर बीअर बनवण्याने काही होत नाही, पिऊन गाडी चालवण्याने होतं. दारू पिऊन चालवताना पकडलं तर नुसत्या अटकेवरून सुद्धा व्हिसा रद्द होऊ शकतो. आणि घरच्या बीअरचा धोका हा की पाहुण्यांना ती किती स्ट्राँग आहे ते कळत नाही. दुकानातली साधी बीअर 4-5 टक्के, पण आमच्याकडची हिवाळ्यातली स्टाउट, म्हणजे काळी दाट बीअर, 9 टक्क्यांच्या वर जाते आणि चवीला गोडसर चॉकलेटसारखी, दोन ग्लास सहज जातात. म्हणून माझी दुसरी अट, प्रत्येक बाटलीवर टक्केवारी लिहायची. काढायला अवघड नाही, हायड्रोमीटर म्हणजे द्रवाची घनता मोजणारी काचेची नळी, तिचं सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग घ्यायचं, वजाबाकी करून 131 ने गुणायचं, 1.050 वरून 1.010 वर आली तर साधारण सव्वापाच टक्के. पार्टीला कोण परत ड्राइव्ह करणार ते मी दारातच विचारते आणि त्याच्यासाठी वेगळं सरबत असतं.

आई म्हणते घरी बनवलेली दारू विषारी होते, पेपरात येतं. खरं आहे का?

ही भीती खोटी नाही, ती कुठून येते ते समजून घ्यायला हवं. मुंबईत मालवणीला जून 2015 मध्ये विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली, त्याआधी विक्रोळीला 2004 मध्ये. ज्यांनी ते वाचलंय त्यांना घरातला तो बुडबुडणारा काचेचा बाटला बघून दुसरं काय आठवणार. पण ते मृत्यू मिथेनॉलमुळे झाले, म्हणजे कारखान्यात वापरतात ते विषारी अल्कोहोल दारूत मिसळल्यामुळे. बीअरमध्ये काही गाळायचं नसतं, बाहेरून अल्कोहोल घालायचं नसतं. सातूचं माल्ट गरम पाण्यात भिजवून त्याची साखर उतरवायची, हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुलं) घालून तासभर उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट सोडायचं. आंबवणं ते आपल्या डोशाच्या पिठासारखंच, फक्त इथे यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. त्यात मिथेनॉल जवळजवळ नसतंच. आणि बिघडली तरी ती आंबट होते, वास मारते, पण उकळल्यामुळे, हॉप्समुळे, अल्कोहोलमुळे आणि आंबटपणामुळे त्यात आजारी पाडणारे जंतू सहसा तग धरत नाहीत. बिघडलेली बीअर ओतून द्यावी लागते एवढंच, आम्ही पाच-सहा वेळा तरी ओतलीये.

वेळ किती जातो? रविवार पूर्ण जातो का?

जातो. खोटं आश्वासन देत नाही. माल्टच्या तयार अर्कापासून (एक्स्ट्रॅक्ट) केली तर तीन तास, धान्यापासून केली तर पाच ते सहा तास, त्यात निम्मा वेळ नुसती धुणी. मग दोन-तीन आठवडे आंबण्याचे, त्यात काम काही नाही, आणि मग बाटल्या भरण्याची एक संध्याकाळ. 5 गॅलनच्या, म्हणजे 19 लिटरच्या एका घाण्यात पन्नासेक बाटल्या होतात आणि प्रत्येक धुवायची असते. आमचं असं ठरलंय की महिन्याला एक दिवस त्याचा आणि महिन्याला एक पूर्ण दिवस माझा, त्या दिवशी मुलगी, स्वयंपाक, क्लासची ने-आण सगळं त्याच्याकडे आणि मी घरात सुद्धा नसते. हे बोलून कॅलेंडरवर टाकल्यापासून रविवारवरून भांडण झालेलं नाही. तो दिवस बुडाला तर पुढच्या महिन्यात जमा होत नाही, हे पण ठरलंय.

खर्च?

सुरुवातीचं किट शंभर ते दोनशे डॉलर, नंतर एका घाण्याचं सामान तीस ते पन्नास. म्हणजे बाटलीमागे डॉलरभर पडते आणि नवरे हाच हिशोब दाखवतात. तो हिशोब अपुरा असतो, त्यात मोठं पातेलं, उकळलेलं गार करायची तांब्याच्या नळीची गुंडाळी, केग म्हणजे नळ लावलेला बीअरचा पिंप, केगसाठी वेगळा फ्रिज, गॅस सिलेंडर काहीच धरलेलं नसतं. वाचवण्यासाठी म्हणून कुणी हा छंद करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आवड म्हणून करा आणि आवडीला जेवढे पैसे ठरवून द्याल तेवढेच खर्च करा.

बाटल्या खरंच फुटतात का?

हो, आणि ते गंमतीचं नाही. साखर पूर्ण आंबायच्या आत बाटली बंद केली किंवा गॅस होण्यासाठी घालायची साखर जास्त पडली की आत दाब वाढत जातो आणि काच बाँबसारखी फुटते. आमच्या एकदा तीन बाटल्या रात्री अडीचला फुटल्या, मला वाटलं कुणी खिडकी फोडली, सकाळी बघितलं तर काचेचा तुकडा समोरच्या भिंतीत रुतलेला. त्या जागेपासून चार पावलांवर लेकीची सायकल असते. त्यानंतर नियम असा झाला की हायड्रोमीटरचं रीडिंग तीन दिवस सारखं आल्याशिवाय बाटलीत भरायचं नाही, साखर वजनकाट्यावर मोजायची, 5 गॅलनला साधारण 115 ते 140 ग्रॅम, आणि भरलेल्या बाटल्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या खोक्यातच ठेवायच्या. जोडीदाराने यात तडजोड करू नये. चवीचं, नावाचं, रंगाचं त्याचं त्याने ठरवावं, पण काच आणि उकळतं पाणी यात घरातल्या सगळ्यांचा शब्द चालतो.

घरात लहान मूल आहे. कुत्रा पण आहे.

मुलासाठी सगळ्यात मोठा धोका अल्कोहोल नाही, वीस लिटर उकळतं गोड पाणी आहे. ते पातेलं हलवताना मूल आसपास नको, दार बंद. सॅनिटायझरचं अ‍ॅसिड आणि धुण्याची पावडर वरच्या कपाटात. आमची लेक आता अकराची होईल, तिला लेबलं काढायला आवडतं, तिच्यासाठी तो वेगळी आल्याची सोडा करतो. ती विचारते मी कधी चाखणार, आम्ही सांगितलंय एकवीसला.

कुत्र्याबद्दल मात्र फार जणांना माहीत नसतं: हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात. खाल्ले तर अंगाचा ताप बेसुमार चढतो आणि जीव जाऊ शकतो. वापरलेले हॉप्स कंपोस्टमध्ये पण उघडे टाकू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. खाल्ल्याची शंका जरी आली तरी थांबू नका, लगेच व्हेटकडे.

सासू-सासरे सहा महिने राहायला येतायत. लपवू का?

लपवू नका, बेसमेंट किती दिवस लपवणार. आमच्या साबा आल्या तेव्हा तिसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनला खाली गेल्या आणि वर येऊन एकच शब्द बोलल्या, हातभट्टी. मग दोन दिवस जेवताना शांतता. नवरा गप्प बसून राहिला असता, मीच म्हटलं की आईंना सगळं दाखव, पहिल्यापासून. त्याने एक दिवस त्यांना गॅरेजमध्ये खुर्ची टाकून दिली, शाल देऊन बसवलं आणि सगळा घाणा दाखवला. त्यांनी माल्ट चावून बघितलं आणि म्हणाल्या हे तर सातू, याचं पीठ आम्ही उन्हाळ्यात गुळात कालवून खायचो. यीस्ट टाकताना पाणी किती गार हवं यावर दोघांचं अर्धा तास बोलणं झालं कारण विरजण लावताना दूध किती कोमट हवं हे त्या बोट घालून सांगतात आणि तो थर्मामीटरने. पिणं त्यांना आजही पसंत नाही, त्यांच्या भावाचं घर दारूने गेलंय, ते दुःख कुठल्याही माहितीने पुसलं जाणार नाही आणि जाऊ पण नये. पण मुलगा चोरून काही करत नाही एवढं त्यांना कळलं. आम्ही त्यांच्यासाठी दोन गोष्टी पाळतो, त्या असताना जेवणाच्या टेबलावर बीअर नाही, आणि श्रावण ते अनंत चतुर्दशी घाणा नाही. तेवढ्यात त्याचं काही अडत नाही.

हो, उरलेलं धान्य! दहा-बारा पौंड धान्य लागतं, सगळं चोथा म्हणून उरतं. साबांनी त्यातलं दोन वाट्या थालीपिठात घातलं, कांदा, ओवा, तीळ, तांदळाचं पीठ, आणि इतकं खमंग झालं की आता दर वेळी होतं. ओलं असतं म्हणून त्याच दिवशी वापरा नाहीतर आंबतं. बाकीचं कंपोस्टला.

छंद कुठे संपतो आणि व्यसन कुठे सुरू होतं?

हा प्रश्न मला आजवर चार जणींनी विचारलाय आणि विचारताना चौघींचाही आवाज बदललेला होता, म्हणून यावर मी घाईने उत्तर देत नाही. घरात कायम पन्नास बाटल्या असणं ही साधी गोष्ट नाही. दुकानात जायला लागतं तेव्हा मध्ये एक अडथळा असतो, घरी केग असेल तर नुसता नळ उघडायचा. 5 टक्क्यांची 355 मिलीची एक बाटली म्हणजे साधारण 14 ग्रॅम अल्कोहोल आणि दीडशे कॅलरीज, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सरळच सांगितलंय की तब्येतीला पूर्ण सेफ अशी कुठलीही मात्रा नाही. बीअर नैसर्गिक असते, घरची असते, म्हणून चालते असं काही नसतं.

मी काय बघते ते सांगते. तो बनवण्याबद्दल बोलतो की पिण्याबद्दल? ज्याला बनवण्यात रस असतो तो अर्धा ग्लास घेऊन वास घेत बसतो, वहीत लिहितो, निम्मी वाटून टाकतो. घाणा झाला नाही तर चिडचिड होते का, बाटल्या मोजल्यापेक्षा लवकर संपतात का, किती झाल्या विचारलं तर राग येतो का, सकाळी कामावर जायला उशीर होतो का, मुलांसमोर आवाज चढतो का. यातलं काही होत असेल तर हा छंदाचा प्रश्न राहिलेला नाही. तुमच्या फॅमिली डॉक्टरशी बोला, आणि तुमच्या स्वतःसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला जा, ती दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच असते. आपल्यात लोक काय म्हणतील म्हणून बायका वर्षानुवर्षं गप्प बसतात. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी केग होता तो तिच्या नवऱ्याने स्वतःहून विकला, अवघड गेलं त्याला, दोन वर्षं झाली. मला त्याचं फार कौतुक आहे.

चव आवडली नाही तर खरं सांगायचं का?

सांगायचं. "छान आहे" म्हणून सिंकमध्ये ओतलेली बीअर त्याच्या लक्षात येतेच. फक्त नुसतं "याक" नका म्हणू, काय लागतंय ते सांगा, त्याला त्यातून खरंच मदत होते. लोण्यासारखी लागत असेल तर डायअ‍ॅसिटिल नावाचं रसायन राहिलंय, आंबवणं घाईत उरकलं. हिरव्या सफरचंदासारखी, तर अजून कच्ची आहे. उकडलेल्या मक्याचा वास, तर उकळताना झाकण ठेवलं असणार. बँडेजसारखा वास म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. रोज फोडणीचा वास घेऊन मोहरी तडतडायच्या आधी तेल तापलं की नाही हे ज्यांना कळतं त्यांची नाकं फार तयार असतात. स्पर्धेत 50 पैकी मार्क देतात त्यातले 12 नुसत्या वासाला असतात. त्याने पहिल्यांदा पाठवली ती विटबिअर, म्हणजे बेल्जियन पद्धतीची गव्हाची बीअर होती, त्यात संत्र्याची साल आणि धणे लागतात, आणि इथल्या सुपरमार्केटमधले धणे नको, आपल्या इंडियन स्टोअरचे लांबट पिवळसर घे, त्यांना लिंबासारखा वास असतो, हे मी सांगितलं होतं. ते परीक्षकांनी लिहून पाठवलं, की धण्याचा वास सुंदर आहे. तो कागद फ्रिजवर आहे अजून.

आमच्याकडे उलटं आहे, मी बनवते आणि नवऱ्याला आवडत नाही.

तुम्ही काहीही जगावेगळं करत नाही. युरोपात कितीतरी शतकं बीअर हे घरातल्या बाईचंच काम होतं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची बायको काथारिना फॉन बोरा घरी बीअर करायची आणि तो पत्रांतून तिच्या बीअरची आठवण काढायचा. इथे अमेरिकेत, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनची बायको मार्था दर दोन आठवड्यांनी 15 गॅलन हलकी बीअर करायची. नवऱ्याचा आक्षेप जागेचा, खर्चाचा, वेळेचा असेल तर वर लिहिलंय ते सगळं त्यालाही लागू, त्याला त्याचा दिवस द्या. पण "बाईने दारू बनवणं शोभत नाही" एवढाच आक्षेप असेल तर तो मी तरी मान्य करणार नाही.

भारतात परत गेलो तर चालू ठेवता येईल का?

महाराष्ट्रात नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी. पुण्यात 2009 मध्ये डूलाली सुरू झाल्यापासून मायक्रोब्रुअरी बऱ्याच आल्या, पण ते परवाना घेऊन केलेले धंदे आहेत. किट कंटेनरमध्ये टाकू नका, इथेच कुणाला तरी देऊन टाका.

तो नोकरी सोडून ब्रुअरी काढायचं म्हणतोय!

सगळेच म्हणतात, साधारण तिसऱ्या वर्षी. आमच्या इथल्या सर्ली ब्रुअरीचे ओमर अन्सारी हे गॅरेजमध्येच बीअर करणारे होते, त्यांच्यासारख्यांची उदाहरणं दिली जातात. त्यांच्या ब्रुअरीमुळे 2011 मध्ये मिनेसोटाचा कायदा बदलला आणि ब्रुअरीत बसून ग्लास विकत घेता यायला लागला, हे सगळं खरं आहे. पण त्यांच्याकडे आईवडिलांची कारखान्याची जागा होती. आधी एखाद्या ब्रुअरीत शनिवार-रविवार कामाला जाऊ दे, पिंप धुवू दे, पोती उचलू दे, सहा महिन्यांनी परत बोला. माझा नवरा चार महिन्यांनी स्वतःच म्हणाला की मला घरीच आवडतं.

फ्रिजमध्ये मातकट पांढरं काहीतरी बरणीत आहे, फेकू का?

नका! मी फेकलं होतं, मला वाटलं इडलीचं जुनं पीठ आहे. ते यीस्ट असतं, आधीच्या घाण्याच्या तळाचं, पुढच्या घाण्यासाठी राखलेलं, आपण विरजणासाठी चमचाभर दही ठेवतो तसं. त्या वेळी तो काही बोलला नाही पण चेहरा उतरला होता, आणि मला फार वाईट वाटलं कारण माझं लोणचं कुणी न विचारता फेकलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. बरणीचं झाकण घट्ट लावलेलं नको, आत गॅस होतो. आता आमच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्याची डावी बाजू त्याची आहे, बरणीवर तारीख लिहिलेली असते आणि ती दोन महिन्यांपेक्षा जुनी झाली की मी विचारून टाकते.